वारा तोंडावर घ्यावा

सदाशिव पेठेतील माझ्या आजोळच्या वाड्यात, दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीवर, लोकमान्यांची तसबीर आणि रोज चार मिनिटे मागे पडणारे लंबकाचे घड्याळ यांच्या मधोमध सांबराच्या शिंगांची एक जोडी लावलेली असे. सांबराच्या प्रत्येक शिंगाला तीन टोके असतात, म्हणजे जोडीला सहा. आणि त्या एकत्र कुटुंबात माणसाने बसून खाल्लेले एक वेळ खपत असले तरी भिंतीवरचे टोक रिकामे राहिलेले खपत नसल्यामुळे, पहिल्यावर आजोबांची टोपी, दुसऱ्यावर छत्री, तिसऱ्यावर रेशनची पिशवी, चौथ्यावर दाढीचा आरसा आणि पाचव्यावर विजेची बिले टोचून ठेवण्याची तार, अशी वाटणी वहिवाटीने मुक्रर झालेली होती. सहाव्या टोकाच्या मालकीविषयी धाकट्या दोघा मामांत तंटा असल्याने ते तेवढे मोकळे राहिले होते, आणि हे खरोखर सांबराचे शिंग आहे असे पाहुण्यांना दाखविण्यासाठी त्याचाच काय तो उपयोग होई.

ही शिंगे थोरल्या मामांची कमाई. मामा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या काळी जंगल खात्याकडे रीतसर अर्ज गुजरून, फी भरून, परवान्यावर लिहिलेल्या मुदतीत आणि लिहिलेल्या हद्दीत शिकार करता येत असे, त्या काळात त्यांनी मुळशीपलीकडच्या रानात नऊ वर्षे रजा घालविल्या, आणि ह्या नऊ वर्षांत त्यांच्या बंदुकीला लाभलेले यश म्हणजे हे एकुलते एक सांबर. ह्याबद्दल कोणी छेडले तर ते मुळीच ओशाळत नाहीत. "बंदूक उडविणे हे शिपायाचे काम," ते म्हणतात, "शिकाऱ्याचे काम बसण्याची जागा ठरविण्याचे. मी आयुष्यात शंभरावर जागा ठरविल्या. त्यांतली एकही चुकीची नव्हती, जनावरे चुकली."

शिकारीचे प्रकार तीन: हाकारे लावून जनावर अंगावर घेणे, मागावरून पायी जाणे आणि पाणवठ्याशी किंवा वाटेशी मचाण बांधून बसणे. पहिल्या प्रकारास पैसा लागतो, दुसऱ्यास पाय लागतात. तिसऱ्यास केवळ बैठक लागते, आणि बैठक हा तर आमच्या शहराचा स्थायीभाव. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक जी कैफियत मांडतो ती शाळेत पस्तीस वर्षे शिकविताना मला दर वर्षी अशी शंका येई की हा गृहस्थ मूळचा नारायण पेठेतला असावा. भर उन्हात ह्या रानातून त्या रानात हिंडावे लागते, पाने कुजून तुरट झालेले ओढ्याचे पाणी प्यावे लागते, जेवणाला वेळ-काळ राहिलेला नाही, घोड्यावर बसून सांधे खिळखिळे झाले, आणि रात्री जरा डोळा लागावा तर पहाटेच पारध्यांचा गलबला सुरू होतो, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे त्याचा आक्षेप हत्येस नसून गैरसोयीस आहे. सेनापती त्याच अंकात मृगयेने पोट उतरते म्हणून तिची वाखाणणी करतो. मामांना कोणी पाणवठ्यावर बसण्याचा सल्ला द्यावा तसा तो दुष्यंताला विदूषकाने दिला असता तर शकुंतला भेटली नसती हे खरे, परंतु राजाचे सांधे शाबूत राहिले असते.

मचाणाची जागा ठरविण्याचे मामांचे शास्त्र ऐकण्यासारखे आहे. वारा सर्वांत आधी. हरणाच्या जातीचे डोळे पाहतात त्यापेक्षा नाक अधिक पाहते, म्हणून वारा जनावराकडून माणसाकडे वाहत असला पाहिजे. मामांच्या भाषेत, वारा तोंडावर घ्यावा, पाठीवर घेऊ नये. डोंगरात ह्या नियमाला पोटनियम जडतो: दिवसा तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि रात्री गारठलेली हवा ओढ्याच्या अंगाने खाली सरकते, त्यामुळे दुपारी पाच वाजता निर्दोष वाटलेली जागा रात्री नऊ वाजता आपल्या अंगाचा वास मुक्कामपोस्ट जनावरांच्या घरी पोहोचविते. वाऱ्यानंतर प्रकाश, तो पाठीमागून यावा, म्हणजे जनावर उजेडात आणि आपण काळोखात. मग पाणवठा, ओढ्याकाठची खुरांनी पडलेली पायवाट, आणि शेवटी झाड. साग वैशाखात उघडाबोडका होतो, म्हणून त्यावर बसणे आणि दिव्याच्या खांबावर बसणे सारखेच. शेवग्याचा भरवसा कोणी देत नाही. उंबराला फळे असली की वटवाघळांची आणि किड्यांची पंगत बसते. आणि ज्या झाडाच्या खोडावरून मुंगळ्यांची रांग चढत असेल त्या झाडाची मालकी आधीच लागलेली आहे असे समजून पुढे व्हावे. मचाण बारा-पंधरा फुटांवर असावे, कारण हरणाला वर पाहण्याची फारशी सवय नसते; ते आठ दिवस आधी बांधावे, म्हणजे जनावरांना त्याचा सराव होतो; खिळे न मारता बांबू, सुंभ आणि जुनी बाज एवढ्यावर भागवावे; आणि आडोशाला तोडून लावलेल्या फांद्यांची पाने दोन दिवसांत सुकून तांबूस झाली की हिरव्या झाडात तेच ठिगळ आधी दिसते हे विसरू नये.

शेताच्या राखणीसाठी जोंधळ्यात चार खांबांवर उभारलेल्या मचाणाला आमच्याकडे माळा म्हणतात, आणि पेठेतल्या वाड्यात छपराखाली पापड-कुरडयांचे डबे व पितळी घंगाळे ठेवतात त्या जागेलाही माळाच म्हणतात. पहिल्यावरून गोफण फिरते आणि दुसऱ्यावरून जिभा, एवढाच फरक. मामांची बंदूक गेल्यानंतर त्यांनी आपले शास्त्र वाया जाऊ दिले नाही. रस्त्याकडेच्या सज्जात त्यांची आरामखुर्ची अशा कोनात मांडलेली आहे की पोस्टमन, वर्गणीवाले आणि कचरा टाकणारे समोरच्या बिऱ्हाडातले लोक कोपऱ्यावर वळताच मामांना दिसावेत, पण मामा त्यांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत दिसू नयेत. ह्या सज्जातून त्यांनी गेल्या पन्नास वर्षांत जितकी सावजे टिपली तितकी मुळशीच्या रानात शंभर जन्मांतही टिपता आली नसती.

किंबहुना जागा धरणे ही कला पुणेकराला शिकवावी लागतच नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक पाहावयाची तर कोणत्या वळणावर ढोल थांबतात, कोणत्या दुकानाच्या पायरीवर भिंतीचा टेका मिळतो, गर्दीचा लोंढा कोणत्या बोळातून बाहेर पडतो आणि शेजारच्या सज्जातील कोणत्या आजींशी आधीच्या महिन्यापासून गोड बोलावे लागते, याचा अभ्यास घराघरांत पिढ्यान्पिढ्या मुरलेला आहे. मानाचा पहिला गणपती कसबा, दुसरा तांबडी जोगेश्वरी, तिसरा गुरुजी तालीम, चौथा तुळशीबाग आणि पाचवा केसरीवाडा, हा क्रम जनावरांच्या पाणवठ्यावर येण्याच्या क्रमापेक्षा पुष्कळ भरवशाचा आहे. जनावरांत मानावरून तंटे होत नसल्यामुळे त्यांची वेळ मात्र कधीच सांगता येत नाही.

ह्या ठिकाणी इतिहासातील एक गंमत नमूद केल्यावाचून राहवत नाही. रमणा ह्या शब्दाचे जुन्या मराठीत दोन अर्थ होते: हरणे राखण्यासाठी कुंपण घातलेले रान हा एक, आणि दक्षिणा वाटण्यासाठी ब्राह्मणांना ज्यात घेतले जाई ते आवार हा दुसरा. पेशव्यांच्या अमदानीत पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणात दक्षिणेचा रमणा भरे. माणसे आत घेऊन दरवाजे बंद होत, आणि एकाच माणसाने दोनदा हात पसरू नये म्हणून एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून त्याला बाहेर सोडले जाई. पर्वतीच्याच परिसरात सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, आणि तेथील सिंह व गेंडा यांची चित्रे इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट ह्या पुण्याच्याच चित्रकाराने १७९०च्या सुमारास काढली. तेव्हा कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, ह्या प्रश्नाचा आमच्या पूर्वजांनी दोन्ही बाजूंनी अनुभव घेतलेला होता असे म्हणण्यास हरकत नाही.

मामांच्या बंदुकीला प्रथम मुंबई राज्याच्या १९५१च्या कायद्याने वेसण घातली आणि पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिचा निकालच लावला. बंदूक गेली, पण मचाण गेले नाही. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, अभयारण्यांतून पाणवठ्यांवर रात्रभर बसून वन्यपशूंची खानेसुमारी करण्याचा शिरस्ता पडला. कारण त्या दिवसांत रानातले बहुतेक पाणी आटून जनावरे उरल्यासुरल्या डबक्यांवर येतात आणि चंद्र फुकट उजेड पुरवितो. खऱ्या गणनेचे काम आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी उचलले आहे, आणि पौर्णिमेच्या ह्या रात्रीला निसर्गानुभव असे अधिक सोज्वळ नाव मिळाले आहे. वारा तोच, पाणवठा तोच, बाज तीच. बंदुकीच्या जागी पेन्सिल आली, एवढेच. सारनाथच्या मृगवनात ज्याने पहिले प्रवचन केले त्याच्या जन्मदिवशी हरणे मारण्याऐवजी मोजावीत, ह्यात काळाने दाखविलेले औचित्य आमच्या महानगरपालिकेच्या कारभारात क्वचितच आढळते.

गेल्या वैशाखात ह्या रात्रीसाठी जाण्याचे आम्हा तिघांचे ठरले. तिघांपैकी एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक आणि तिसरा मी. कोठे जावे यावर टेकडीवरच्या बाकावर तीन संध्याकाळी मसलत झाली. बारामतीकडच्या सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य व्यवस्थापकांना पसंत होते, कारण तेथे चिंकारा भर दिवसा दिसतो आणि रात्री घरी येता येते. परंतु अभियंत्यांनी असे दाखवून दिले की त्या माळरानावर मचाण बांधण्याजोगे झाडच दुर्मीळ, तेथे फार तर झुडपाआड लपण करून बसावे लागेल, आणि गुडघ्यांची अवस्था पाहता बसणे शक्य असले तरी उठणे शंकास्पद. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य ह्याच कारणाने बाद झाले. राहिले भीमाशंकर. १९८५ साली जाहीर झालेले, सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे ते रान शेकरूसाठी प्रसिद्ध असले, तरी त्यात सांबर आहे, भेकर आहे, आणि त्या दोहोंच्या मागावर असणारा बिबट्याही आहे, हे कळल्यावर व्यवस्थापकांनी मचाणाची उंची पंधरावरून वीस फूट करावी अशी सूचना मांडली, आणि ती बिबट्याला झाड चढता येते ह्या माहितीमुळे मागे घेतली.

एका पाणवठ्यावरचे जुने मचाण मोडकळीस आले होते आणि त्या जागी नवे बांधावयाचे होते. आम्ही आठ दिवस आधी मदतीला जावे असे ठरले, आणि जागा ठरविण्यात आमचाही विचार घेतला गेला. आमचा विचार घेणे ही किती दीर्घ प्रक्रिया आहे याची तेथे कोणाला कल्पना नव्हती.

अडचण मूळ खगोलशास्त्रीय होती. पौर्णिमेला सूर्य पश्चिमेस बुडतो त्याच सुमारास चंद्र पूर्वेस उगवतो. प्रकाश पाठीमागे हवा, हा नियम पाळावयाचा तर सहा ते सात पाठ पश्चिमेला करावी लागते आणि सातनंतर मध्यरात्रीपर्यंत पूर्वेला. बाज एका झाडाला एकदाच बांधता येते. अभियंत्यांनी खोडाभोवती फिरणाऱ्या मचाणाची कल्पना मांडून तिचा आराखडा तेथल्या तेथे धुळीत काढला. त्याला सहा कप्प्या आणि एक बैल लागत होता. आता उरला वारा. पुणेकराला हे सांगावयास नको की वैशाखात दुपार कलली की वारा पश्चिमेचा सुटतो. आणि तो ओढा पूर्वेकडे उतरत असल्याने रात्रीची गार हवाही पश्चिमेकडूनच खाली येणार. म्हणजे वारा सर्वकाळ पश्चिमेचा, चंद्र मध्यरात्रीपर्यंत पूर्वेचा, आणि दोहोंचा एकमुखी निकाल असा की पाणवठ्याच्या पूर्वेस बसून पश्चिमेकडे तोंड करावे. विरुद्ध पक्षाला मध्यरात्रीपर्यंत फक्त मावळतीचा एक तास होता.

परंतु त्या एका तासाला व्यवस्थापकांच्या डोळ्याचा पाठिंबा होता. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असून उन्हाकडे तोंड करून बसण्यास त्यांना मनाई होती. मामा, वारा, चंद्र आणि ओढा एका बाजूला, आणि तीस वर्षांच्या स्नेह्याचा उजवा डोळा दुसऱ्या बाजूला, असा तो प्रसंग; आणि लोकशाही पद्धतीने, दोन विरुद्ध शून्य मतांनी, मी तटस्थ राहिलो असता, पश्चिमेच्या काठावरचा हिरडा मंजूर झाला.

आमच्याबरोबर खालच्या वाडीवरचे एक वृद्ध गृहस्थ वाटाड्या म्हणून होते. त्यांना सगळे बाबा म्हणत. आमची मसलत चालू असता ते पूर्वेच्या काठावरच्या एका जुन्या जांभळीच्या बुंध्याशी तंबाखू मळीत बसले होते. आल्याबरोबर त्यांनी एक चिमूट धूळ वर उडविली, तिच्याकडे पाहिले, आणि त्या जांभळीखाली जाऊन बसले, एवढीच त्यांची पाहणी. आम्ही निर्णय कळविला तेव्हा ते म्हणाले, "वारं पाठीला येईल, सायेब." अभियंत्यांनी त्यांना सूर्याचा मार्ग, चंद्राचा उदय आणि मोतीबिंदूची वैद्यकीय बाजू क्रमाने समजावून सांगितली. बाबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले, "बरं," म्हणाले, आणि सुंभाचे भेंडोळे खांद्यावर टाकून हिरड्यावर चढले. त्या एका 'बरं' ह्या अव्ययात किती अर्थ साठविता येतो हे मला पस्तीस वर्षे संस्कृत शिकवूनही तोवर उमगले नव्हते.

पौर्णिमेच्या दिवशी चार वाजता आम्ही वर जाऊन बसलो. निघण्यापूर्वी मामांच्या पाया पडावयास गेलो होतो. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली वाऱ्याची. दुसरी अशी की डोळ्यांनी ओळख पटल्याखेरीज काहीही मानू नये. पाणवठ्यावर बसून केवळ आवाजावर भरवसा ठेवण्याने काय होते ते दशरथाला विचारावे. त्यांनी माझ्या सदऱ्याकडेही एकदा पाहिले होते, पण काही बोलले नव्हते. हरणाच्या जातीला तांबडा रंग नीटसा कळत नाही आणि निळा मात्र उत्तम दिसतो, असे अलीकडच्या संशोधनातून निघाले आहे. आणि आमच्या घरी पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याचा प्रघात चुकत नाही. मला हे संशोधन ठाऊक होते. खाकी सदरा मात्र नव्हता.

सूर्य मावळला, व्यवस्थापकांचा डोळा सुखरूप राहिला, आणि त्याच क्षणी समोरच्या डोंगरावरून चंद्र असा काही वर आला की नाटकगृहात प्रयोग सुरू होताना दिवे प्रेक्षकांवरच पडावेत तसे आम्ही तिघे त्या हिरड्याच्या फांदीवर उजळून निघालो. पाणवठा आमच्या समोर काळोखात आणि आम्ही पाणवठ्यासमोर प्रकाशात; प्रगणना करावयास कोण आले आहे आणि व्हावयास कोण, हे बाहेरून पाहणाऱ्यास ठरविणे कठीण गेले असते. मागे पश्चिमेला, मावळतीच्या उजेडात, मृग आणि त्याच्यामागे व्याध क्षितिजाखाली उतरत असणार. ह्याच मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरविणारा 'ओरायन' हा ग्रंथ लोकमान्यांनी १८९३ साली प्रसिद्ध केला, आणि हरणावर पुण्यात झालेले सर्वांत मोठे काम तेच होय. हजारो वर्षे एकाच बैठकीवर बसूनही ज्याचा बाण फुकट गेलेला नाही असा व्याध हा एकमेव शिकारी. परंतु आमची पाठ त्याच्याकडे असल्याने तेही दर्शन हुकले.

मचाणावर बोलावयाचे नसते. हे वाक्य मी लिहिले तितक्या सहज वाचकाने वाचू नये. थंडी, डास, बाजेच्या सुंभाचे मांडीवर उमटणारे वळ, ह्या सर्वांची पुणेकर तयारी करू शकतो. परंतु दोन मित्रांच्या मधोमध, त्यांचे प्रत्येक मत चुकीचे आहे हे ठाऊक असताना, तेरा तास ते त्यांना सांगावयाचे नाही, ही तपश्चर्या पातंजल योगसूत्रांतील कोणत्याही अंगात समाविष्ट नाही. पहिल्या तासात अभियंत्यांनी वहीवर लिहून वाद घालण्याचा उपक्रम सुरू केला, पण कागदाचा आवाज होतो म्हणून बाबांनी वही काढून घेतली. साडेसातला व्यवस्थापकांनी बाकरवडीचा पुडा उघडला. रात्रीच्या रानात एक बाकरवडी फुटल्याचा आवाज किती दूर जातो याची घरी कल्पना येत नाही. पलीकडच्या काठावरची टिटवी ओरडत उठली आणि दहा मिनिटे खाली बसली नाही. तेव्हापासून बाकरवडी तोंडात ठेवून ती विरघळेपर्यंत थांबण्याची पद्धत आम्ही स्वीकारली. ह्या मार्गाने एका रात्रीत चारांच्या वर बाकरवड्या खाता येत नाहीत, पण त्यांतील खसखस, बडीशेप आणि धने यांची स्वतंत्र ओळख पटते.

साडेआठच्या सुमारास ओढ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आमच्यावरून गेलेला वारा जेथे पोहोचत होता नेमक्या तेथे, काहीतरी भुंकले. एकदा भुंकून थांबले नाही. सावकाश, ठरावीक अंतराने, एखाद्या फिर्यादीने मुद्दे मांडावेत तसे भुंकत राहिले. व्यवस्थापक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अभयारण्यात कुत्री सोडतात म्हणजे कमाल आहे." बाबांनी डोके हलविले. "भेकर हाय," ते कुजबुजले, "आपल्यालाच भुकतंय." पाऊण तास ते छोटे हरीण दाट जाळीत उभे राहून साऱ्या रानाला कळवीत होते की हिरड्यावर चार असामी आहेत, पैकी एक तपकीर ओढतो आणि एकाने नीळ दिलेला सदरा घातला आहे. त्याला आम्ही दिसत नव्हतो. वाऱ्यावरून त्याने आमचा साद्यंत पंचनामा केला होता. आम्ही मात्र त्याचे एक शिंगही पाहिले नाही.

आता प्रश्न नोंदीचा आला. छापील तक्त्यात प्रत्यक्ष पाहिलेले प्राणी, वेळ, संख्या, नर, मादी, पिल्लू असे रकाने होते. अभियंत्यांचे म्हणणे, पाऊण तास ऐकलेला प्राणी पाहिलेल्यातच जमा आहे. मी दशरथाचा दाखला दिला. व्यवस्थापकांनी असा तोडगा काढला की संख्या एक लिहावी आणि नर-मादीच्या रकान्यात 'चौकशीअंती' असा शेरा मारावा. ही सर्व चर्चा कुजबुजीत झाली असली तरी कुजबूज तीन पुणेकरांची होती. तिच्या अखेरीस पाहिले तो भेकराने भुंकणे बंद केले होते, आणि त्या रानात त्या रात्री त्यानंतर दुसरे काही बोलले नाही.

मध्यरात्रीनंतरची हकीकत तिघांच्या जबान्यांत जुळत नाही. मी क्षणभरही झोपलो नाही. व्यवस्थापकही झोपले नाहीत, कारण मी घोरत असल्यामुळे झोपणे अशक्य होते असे ते सांगतात. अभियंते म्हणतात की आम्हा दोघांचे घोरणे आळीपाळीने चालू होते आणि त्यांनी त्याचे कालमापन केले आहे. बाबा काहीच म्हणत नाहीत. तक्त्यात रात्री बारा ते पहाटे पाच ह्या वेळात दोन ससे आणि एक घुबड यांची नोंद आहे, आणि ती बाबांनी बोटाने दाखविल्याप्रमाणे केलेली असल्यामुळे तिच्याविषयी वाद नाही.

उजाडल्यावर खाली उतरलो. बाबा पाण्याला वळसा घालून सरळ पूर्वेच्या काठावर गेले आणि त्या जांभळीखाली उकिडवे बसले. ओल्या मातीत चार-पाच जागी खुरांचे ठसे खोलवर उमटलेले होते, प्रत्येकी माझ्या तळव्याएवढे. "इथवर आलं," बाबा म्हणाले, "इथं थांबलं. पान्याकडं बघितलं. मंग वारं घेतलं आन् माघारी गेलं. मोठं सांबर हाय. नर." अभियंत्यांनी खिशातून पट्टी काढून ठसे मोजले, व्यवस्थापकांनी त्यांचे छायाचित्र घेतले, आणि मी वर जांभळीकडे पाहिले. बारा-पंधरा फुटांवर, जाड फांद्यांच्या बेचक्यात, बाज बसेल एवढी आयती जागा होती, आणि तिथल्या सालीवर सुंभाने पडलेला एक जुना वळ होता.

तक्ता भरून द्यावयाचा होता. 'शेरा' ह्या रकान्यात अभियंत्यांनी मचाण फिरते करण्याची शिफारस केली, व्यवस्थापकांनी उपाहाराची व्यवस्था असावी असे सुचविले, आणि मी, सांबराचा ठसा प्रत्यक्ष दर्शनात धरू नये, असे मतभेदपत्र जोडले. सही-शिक्क्यानिशी तो कागद दफ्तरी दाखल झाला असेल. पुढच्या वर्षीसाठी आम्ही तिघांनी अर्ज केले आहेत. तिन्ही अर्ज स्वतंत्र असून प्रत्येकाने शक्यतो निराळा पाणवठा मिळावा अशी विनंती केली आहे.

परत आलो त्या संध्याकाळी मामा नेहमीप्रमाणे सज्जात बसले होते. कोपऱ्यावर कोणी वर्गणीवाला वळत होता, म्हणून त्यांनी मला हाताने मागे सारले आणि तो जिना चढून बेल वाजवून कंटाळून निघून जाईपर्यंत एक शब्द बोलू दिला नाही. मग त्यांनी विचारले,

"वारा कुठला होता?"

"पश्चिमेचा."

"आणि तुम्ही?"

मी सर्व सांगितले. मोतीबिंदूही सांगितला. मामांनी मान डोलाविली, थोडा वेळ माझ्या सदऱ्याकडे पाहिले, आणि पश्चिमेकडून झुळूक येऊ लागली होती म्हणून आरामखुर्ची उचलून तिचे तोंड वीतभर फिरविले.